मागचं डावं दार

ढुंढिराज पुणतांबेकराचा आवाज सोळाव्या वर्षी गेला. घटसर्प झाला होता. जीव वाचला तेवढं पुष्कळ, असं घरात सगळे म्हणाले. पण काशीत रामघाटावरच्या वैदिकाच्या घरात जीव वाचून आवाज जाणं म्हणजे काय, हे म्हणणाऱ्यांनाही ठाऊक होतं. वडील वेणीमाधवशास्त्री घनपाठी. आजोबा घनपाठी. सात वर्षं पाठशाळेत मांडी घालून या मुलानं संहिता तोंडपाठ केलेली, आणि आता तोंड उघडलं की फाटक्या भात्यातून हवा सुटावी तसा आवाज. त्यात ना उदात्त, ना अनुदात्त. अशा गळ्याला यज्ञात कोण बसवणार? श्राद्धपक्षालासुद्धा कुणी बोलवीना.

शास्त्रीबुवांनी त्याला एकदाच सांगितलं, की पाठ रोज म्हटला नाही तर जातो, मनातल्या मनात का होईना, म्हणत जा. त्यानंतर बापलेकांत गरजेपुरतंच बोलणं उरलं. शास्त्रीबुवा रागावले नव्हते; ते हरलेल्या माणसाचं गप्प बसणं होतं. पण सोळा वर्षांच्या मुलाला हा फरक कोण समजावून सांगणार? त्यानं घेतलं ते असं, की आवाजाबरोबर आपणही या घराला नकोसे झालो.

मग तो गाड्या घासायला लागला. मलदहियाला गाड्या रंगवणारे एक बुजुर्ग होते, त्यांना सगळा मोहल्ला उस्ताद म्हणायचा. त्यांच्या हाताखाली ढुंढिराज लागला तो कुणाच्या तरी ओळखीनं, आणि टिकला तो हातामुळे. उस्तादांचा नियम एकच. एका वेळी एक पत्रा घ्यायचा, हात गोल फिरवत राहायचा, पत्रा पुरा होईपर्यंत थांबायचं नाही, आणि सगळ्या पत्र्यांना सारखाच वेळ द्यायचा. कमीजास्त झालं की ऊन चुगली करतं, असं ते म्हणत. वेळ मोजायची कशी, हे मात्र ज्याचं त्यानं बघायचं. उस्ताद स्वतः काहीतरी पुटपुटत असायचे.

ढुंढिराजानं महिनाभरात शोधून काढलं, की गाडीला पत्रे अकरा. बोनेट एक, उजवीकडची दोन मडगार्ड आणि दोन दारं मिळून चार, मागे डिकी, मग डावीकडचे चार, आणि शेवटी टप. अभिषेकाला म्हणतात त्या पाठाचे अनुवाक, म्हणजे खंड, तेही अकरा. एका पत्र्याला एक अनुवाक. बोनेटपासून सुरुवात करायची, प्रदक्षिणेच्या दिशेनं जायचं, टपावर संपवायचं. लहानमोठे अनुवाक सारख्या वेळात बसवायला चाल थोडी ओढावी लागे, थोडी सोडावी लागे. ते त्यानं बसवलं. ओठ मिटलेले, हात फिरतोय आणि आत स्वच्छ, खणखणीत, एकही स्वर न चुकता पाठ चाललाय. बाहेर जो आवाज कधी फुटणार नव्हता तो आत शाबूत होता. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. बायकोला सांगितलं, तेही लग्नानंतर आठ वर्षांनी.

बायको शरदिनी. तीही काशीचीच, मुन्शी घाटाजवळच्या मराठी घरातली. सरळ बोलणारी आणि सरळ वागणारी बाई. नवरा गाड्या घासतो याची तिला लाज नव्हती, आणि अभिमान असल्याचं ढोंगही तिनं कधी केलं नाही. पण त्याच्या धंद्यातली सगळ्यात मोलाची वस्तू तीच आणून द्यायची. जुनी लुगडी. वीस-तीस वर्षं धुतलेलं सुती नऊवारी जसं मऊ होतं तसं बाजारातलं कुठलंही फडकं होत नाही. रंगावर ओरखडा उठत नाही, मेण पुसायला तर त्यासारखं काही नाही. संकठा घाटापासून रामघाटापर्यंत जेवढ्या म्हाताऱ्या मराठी बायका होत्या, त्यांच्याकडून शरदिनी विरलेली लुगडी मागून आणायची, विधवांची लाल आलवणंसुद्धा. त्या म्हाताऱ्या एकेक करून कमी होत चालल्या होत्या आणि त्यांच्या सुना पाचवारी, तीही नायलॉनची, नेसत होत्या. हा माल पुढे कुठून यायचा?

ब्याण्णव साली छावणीच्या रस्त्यावरच्या एका मोठ्या शोरूमनं ढुंढिराजाला ठोक काम दिलं. कारखान्यातून गाड्या ट्रेलरवर लादून यायच्या. वाटेत धूळ, डांबराचे शिंतोडे, साखळदंडाचे चरे. मग शोरूमच्या मागच्या आवारात निंबाच्या झाडाखाली महिना महिना उभ्या, पाखरांची घाण अंगावर घेत. गिऱ्हाइकाला ती नवीकोरी दिसली पाहिजे. शिवाय बदल्यात घेतलेल्या जुन्या गाड्या. दिवसाला तीन, फार तर चार. त्यानं अंधरापुलाजवळ पत्र्याची शेड भाड्यानं घेतली आणि चार माणसं ठेवली. त्यांतला मुख्य अंबिका, रामनगरचा, ढुंढिराजाच्याच वयाचा, रुंद हाताचा, हसरा. अंबिकाला अनुवाक कुठून येणार? त्याला ढुंढिराजानं सांगितलं, एका पत्र्याला पाचशे वेळा सीताराम. अंबिका प्रामाणिकपणे पाचशे मोजायचा आणि मध्ये कुणी हाक मारली तर पुन्हा एकपासून सुरू करायचा. बाकीचे त्याला हसायचे. शेडमध्ये सगळे ढुंढिराजाला पंडितजी म्हणत, आणि त्यात टिंगल किती आणि मान किती हे त्यानं कधी तपासून पाहिलं नाही.

चार-पाच वर्षं बरी गेली. पैसा फार नव्हता, पण गाडी शोरूमच्या काचेआड उभी राहिली की रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. त्या रंगात खोली असायची. विहिरीत डोकावल्यासारखं वाटायचं.

मग बाजार बदलला. शहरात दुसरं शोरूम आलं, तिसरं आलं. नव्या नव्या कंपन्यांच्या गाड्या आल्या, बँका घरी येऊन कर्ज द्यायला लागल्या. शोरूमचे मॅनेजर अनिमेषबाबू, बंगालीटोल्याचे, मऊ बोलणारे गृहस्थ. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यांनी ढुंढिराजाला बसवून चहा पाजला आणि सांगितलं, की गाड्या दुप्पट येतील, पण गाडीमागे पैसे निम्मे मिळतील. इतर ठिकाणी आता दिल्लीचं एक लिक्विड वापरतात. गाडी धुतली, स्पंजनं फासलं, पुसलं, की दहा मिनिटांत आरसा. आपलंच काम अडीच तास का घेतं, असं मालक विचारतात.

ते लिक्विड ढुंढिराजानं आणून पाहिलं. शिकरणासारखा गोडसर वास. चमक खरोखर डोळे दिपवणारी. चरा मात्र तसाच, नुसता तेलात बुडालेला; दोन धुण्यांत सगळं उतरतं, आणि तोवर अंग चिकट राहून रस्त्यावरची धूळ ओढून घेतं. हे त्यानं अनिमेषबाबूंना दाखवलं. ते म्हणाले, दिखता तो है, पंडितजी, पर गाड़ी तब तक बिक चुकी होती है. त्यांचं खोटं नव्हतं. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते पहिल्या नजरेला, आणि आठव्या दिवशी काय दिसतं ते पाहायला शोरूमचा कुणीही तिथे नसतो.

ढुंढिराजानं वर्षभर ओढून धरलं. आणखी दोन माणसं घेतली, दुपारची सुट्टी अर्धी केली, घासायचं कंपाउंड स्वस्तातलं घेऊन पाहिलं आणि फेकून दिलं. अनुवाकांची चाल द्रुत केली. त्याच्याहून जलद म्हणता येईना, कारण जलद म्हटलं की स्वर चुकतात, आणि मनातसुद्धा स्वर चुकला की त्याचा हात आपोआप थांबायचा. नफा म्हणावा असं काही उरेनासं झालं. शरदिनीनं एकदा स्पष्ट विचारलं, हे गाडीवाल्यांसाठी चाललंय की तुमच्यासाठी? त्यानं फडक्यांच्या घड्या घालायला घेतल्या. प्रश्न बरोबरच होता.

अठ्ठ्याण्णवच्या दसऱ्यानंतर अनिमेषबाबूंनी त्याला शेवटची संधी दिली. महमूरगंजला मालकांचं दुसरं शोरूम उघडायचं होतं. दोन्हीकडचं काम मिळून एकाच ठेकेदाराला जाणार. अलाहाबादचा एक लिक्विडवाला रांगेत होता. धनत्रयोदशीला सकाळी एकवीस गाड्या पूजा होऊन गिऱ्हाइकांच्या हाती पडणार होत्या. मालक स्वतः उभे राहणार, काम बघणार आणि ठरवणार. पुराना रेट मी मागून घेईन, फक्त त्यांच्या तोंडून वाहवा निघाली पाहिजे, असं अनिमेषबाबू म्हणाले. आणि जाता जाता सहज बोलले, की शोरूमचे नेहमीचे पंडित यंदा कलकत्त्याला यजमानाकडे गेलेत, कुणी असली वैदिक मिळाला तर बरं.

ढुंढिराजाच्या तोंडून निघून गेलं, माझे वडील येतील.

वेणीमाधवशास्त्री तेव्हा अठ्ठ्याहत्तरांचे. मैदागिनच्या पलीकडे ते वर्षानुवर्षं गेले नव्हते. विचारायची ढुंढिराजाला हिंमत होईना, म्हणून शरदिनीनं विचारलं. सासऱ्यांच्या ताटात भात वाढता वाढता म्हणाली, "मामंजी, धनत्रयोदशीला ह्यांच्या शोरूममध्ये पूजा सांगायला याल का?"

शास्त्रीबुवा म्हणाले, "म्हणजे आता डब्यांपुढे मंत्र म्हणायचे?"

"त्या डब्यांवर तुमचा मुलगा पंचवीस वर्षं मंत्रच म्हणतोय," शरदिनी म्हणाली, आणि तिनं अकरा पत्र्यांची सगळी हकिकत सांगून टाकली. नवरा दाराआड उभा होता. त्याला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. शास्त्रीबुवांनी जेवण उरकून आपोष्णी घेतली, हात धुतला आणि विचारलं, किती वाजता निघायचं?

त्या एकवीस गाड्यांवर ढुंढिराजानं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं. पाच दिवस आणि सात माणसं. प्रत्येक गाडीला अकरा अनुवाक, अंबिकाच्या वाट्याला आलेल्या गाड्यांना सीताराम. आणि एक गोष्ट त्यानं जास्तीची केली. पूजेच्या वेळी सगळ्यांची नजर बोनेटवर असणार, म्हणून बोनेटला मेणाचा दुसरा थर दिला आणि राहिलेल्या शेवटच्या आलवणानं तो चढवला. पाणी शिंपडलं तर थेंब मोत्यांसारखे उभे राहून घरंगळायचे. अंबिकानं माशी बसवून दाखवली, म्हणाला, देखिए, फिसल रही है. सगळे हसले.

धनत्रयोदशीच्या सकाळी आवारात मांडव घातला होता. एकवीस गाड्या तीन रांगांत, झेंडूच्या माळा घातलेल्या. शास्त्रीबुवा रिक्षातून उतरले. सोवळं, खांद्यावर उपरणं, हातात चांदीची वाटी आणि गडवा. मालकांनी पाया पडून त्यांना पुढे नेलं, पण ते पहिल्या गाडीपाशी जाऊन थांबले. पूजा सुरू करण्याआधी त्यांनी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. प्रत्येक पत्र्याजवळ क्षणभर थबकत, ओठ हलवत, हलक्या बोटांनी मोजत. मागच्या डाव्या दाराशी ते आले आणि त्यांनी तळहात दारावर ठेवला.

"इथं आठवा?"

"हो, अण्णा."

"आठवा म्हणजे गाभा," ते म्हणाले. "तो दारावर आला हे बरं झालं." आणि पुढे सरकले.

पंचवीस वर्षांत बापानं मुलाच्या कामाबद्दल काढलेले हे पहिले चांगले शब्द. ढुंढिराजाला पुढचं काही ऐकू आलं नाही. दहावा, अकरावा, वडील टपाकडे मान वर करून बघतायत, एवढं त्यानं पाहिलं.

पहिली गाडी चौकातल्या एका साडीवाल्या गद्दीदारांची होती. बरोबर त्यांची म्हातारी आई, सुना, नातवंडं. शास्त्रीबुवांनी वाटीत कुंकू घेतलं आणि गडव्यातलं गंगाजल घालून कालवलं. त्यांच्या घरी स्वस्तिक असंच काढत. पाटावर, कलशावर, वहीवर, उंबऱ्यावर. नेहमीचे पंडित तुपात शेंदूर घोळून फासायचे, आणि तो मेणावरच काय, काचेवरही बसला असता. ढुंढिराजानं सहा वर्षं तो शेंदूर बोनेटवर पाहिला होता आणि जन्मभर घरी कुंकू पाहत होता. पण दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात, हे त्याला सुचलं नव्हतं. पूजा म्हणजे त्याच्या लेखी पाठ. पूजेत एक ओलं बोट असतं आणि ते पत्र्यावर टेकतं, हे तो पाचही दिवस विसरला होता.

शास्त्रीबुवांनी अनामिकेनं उभी रेघ ओढली. रेघ उमटली आणि डोळ्यांदेखत आक्रसली, तुटली, तिचे दाणे झाले. त्यांनी आडवी ओढली, तीही तशीच. बोट पुन्हा बुडवलं, घट्ट कालवलं, पुन्हा ओढली. बोनेटला उतार होता. लाल थेंब जमले, मोठे झाले आणि एकामागून एक घरंगळत जाळीवरून बंपरवर आणि तिथून खाली जमिनीवर पडू लागले. मंत्र चालूच होता. म्हातारा आवाज, पण एकेक स्वर जागच्या जागी. फक्त त्या आवाजाखालचं बोट काही केल्या टिकत नव्हतं.

गद्दीदारांची आई पुढे आली. तिनं खाली सांडलेलं लाल पाहिलं आणि मुलाला म्हणाली, "ई गाड़ी में हम ना बइठब." मग ती वळून चालायला लागली. सुना तिच्यामागे. गद्दीदार दोन मिनिटं अनिमेषबाबूंशी हळू आवाजात बोलले, आणि किल्ली टेबलावर ठेवून तेही गेले.

उरलेली वीस कुटुंबं बघत होती. अनिमेषबाबू ढुंढिराजाजवळ आले. आवाज अजूनही मऊच होता.

"पिताजी से कहिए, घी में सान लें. नहीं तो बोनट पेट्रोल से पोंछ डालिए. दो में से एक, पंडितजी, और अभी."

ढुंढिराजानं वडिलांकडे पाहिलं. शास्त्रीबुवा पहिल्याच गाडीपाशी उभे होते, अनामिका तशीच ओली, पुढे धरलेली. त्यांना काय झालंय ते कळलेलं नव्हतं. पत्रा कसा असतो, मेण काय करतं, हे त्यांना कुणी सांगितलं होतं? त्यांना एवढंच दिसत होतं, की अठ्ठ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा आपल्या हातचं स्वस्तिक उमटत नाही. भर मांडवात, या परक्या माणसांसमोर, त्यांना जाऊन सांगायचं, की अण्णा, तुमची रीत इथं चालत नाही, तूप घ्या? एक वाक्य होतं. दुसरा कुणी असता तर सहज बोलला असता, आणि कदाचित शास्त्रीबुवांनीही मुकाट्यानं तूप घेतलं असतं. पण आज पहिल्यांदा त्यांनी दारावर तळहात ठेवला होता. ढुंढिराजाच्या त्या फाटक्या गळ्यातून ते वाक्य बाहेर येईना.

त्यानं पेट्रोलचा डबा उचलला.

अंबिका हात मागे बांधून उभा राहिला. त्यानं फडकं घेतलं नाही, आणि ढुंढिराजानं त्याला सांगितलंही नाही. वीस बोनेटं त्यानं एकट्यानं पुसली. मधलंच पुसून चालेना, डाग दिसला असता, म्हणून अख्खं बोनेट, कडेपासून कडेपर्यंत. ज्या आलवणानं मेण चढवलं त्याच आलवणाचा बोळा करून. पेट्रोलनं हाताची कातडी पांढरी पडली. एकेक बोनेट पुसून झालं की शास्त्रीबुवा मागून येत, स्वस्तिक काढत, आणि आता ते नीट उमटत होतं. गिऱ्हाइकं नारळ फोडत होती. आवाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मुलगा पुसत पुढे चालला होता आणि बाप त्याच्यामागे मंत्र म्हणत. कुणा तिऱ्हाइताला वाटलं असतं, हाही विधीचाच भाग आहे.

दहा वाजता ऊन मांडवाच्या कडेवरून आत आलं आणि त्यानं चुगली केली. दारं, टप, मडगार्ड सगळं खोल, पाणीदार, आणि पुढे बोनेट राखेसारखं फिकं. वीसच्या वीस. मालक रांगेवरून एकदा फिरले. कुणावर ओरडले नाहीत. ओरडण्याइतकीही किंमत त्यांना ढुंढिराजाची वाटत नव्हती; त्याला त्यांनी नुसतं हातानं बाजूला व्हायला सांगितलं.

घरी जाताना बापलेक एकाच रिक्षात बसले. मैदागिनला उतरून गल्लीनं चालताना शास्त्रीबुवा थांबले.

"ढुंढ्या, इतकं गुळगुळीत करतोस कशाला, की त्यावर देवाचंही बोट टेकू नये?"

ते रागानं म्हणाले नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आजवर जे ढुंढिराजानं चांगलं म्हणून केलं, त्याचं वर्णन एवढ्या नेमकेपणानं कुणी केलं नव्हतं.

भाऊबीज झाल्यावर अनिमेषबाबूंनी निरोप धाडला. अलाहाबादवाल्यानं ऐन वेळी जास्त पैसे मागितले होते. काम ढुंढिराजालाच देऊ, दोन्ही शोरूमचं, पण मेणाचा डबा शेडमध्ये दिसता कामा नये. लिक्विड कंपनीच पाठवील. गाडीला वीस मिनिटं, धुण्यासकट. पंडित नेहमीचे.

दिवसभर तो घरात बसून राहिला. शरदिनी म्हणाली, "अहो, नाही म्हणालात तर मी भांडणार नाही. पण घरी बसून काय करणार, तेवढं सांगा. उगाच परेशान होत बसू नका." संध्याकाळी तो शेडवर गेला. तिथे अंबिका एकटाच होता, रिकाम्या डब्यावर बसलेला. ढुंढिराजानं त्याला सगळं सांगितलं आणि विचारलं, तुला काय वाटतं? अंबिकानं आपले रुंद तळवे उलटसुलट करून पाहिले.

"हमको रोज का काम चाहिए, पंडितजी," तो म्हणाला. "चमक तो आपको चाहिए थी."

ढुंढिराजानं काम घेतलं.

आणि धंदा चालला. हे सांगायलाच हवं, कारण लोकांना वाटतं की असं काही केलं की पुढे वाटोळं होतं. वाटोळं वगैरे काही झालं नाही. दिवसाला पंचवीस-तीस गाड्या जायला लागल्या. पहिल्यांदाच महिन्याअखेरीला काही उरायला लागलं. घरात टेलिफोन आला. शरदिनीला आता म्हाताऱ्यांच्या दारोदार जावं लागत नव्हतं. लिक्विडला स्पंज पुरतो. अंबिकानं सीताराम मोजणं सोडलं आणि तो दिवसभर बडबड करायला लागला. गिऱ्हाईक खूश, शोरूम खूश. दहा मिनिटांत अकरा पत्रे म्हणजे एका पत्र्याला मिनिटही नाही. तेवढ्यात काय म्हणणार? सुरुवातीला ढुंढिराजानं एका गाडीला एकच अनुवाक, असं अकरा गाड्यांत मिळून पुरं करून पाहिलं. मध्येच फोन यायचा, ट्रेलर यायचा, आपण कितव्या गाडीवर आहोत हे लक्षात राहायचं नाही. मग त्यानं उद्यापासून म्हणू असं ठरवलं, आणि उद्या बरेच गेले.

माघात एकदा जेवताना शास्त्रीबुवांनी विचारलं, "म्हणतोस ना?"

"हो," तो म्हणाला.

होळीनंतर शोरूममध्ये बदल्यात एक जुनी गाडी आली. त्र्याण्णवची. ढुंढिराजानं ती लांबूनच ओळखली. त्यानं पहिल्या वर्षात केलेली, गडद निळी. सहा वर्षांत कुणी तिला हात लावलेला दिसत नव्हता, तरी धुळीखाली रंग तसाच खोल होता. मालकांच्या मित्राला ती हवी होती. अनिमेषबाबू म्हणाले, या एका गाडीला हवा तितका वेळ घ्या, कुणी विचारणार नाही.

शेडच्या माळ्यावर एका पिशवीत आलवणाचा एक धडका तुकडा राहिला होता. कंपाउंड एका जुन्या डबीत सुकत आलेलं; त्यानं ते पाण्याचा थेंब घालून जिवंत केलं. माणसांना दुसऱ्या गाड्यांकडे पाठवलं. बोनेटवर हात टेकवला आणि पहिला सुरू केला. तो आला. दुसरा आला. हात आपला आपण फिरायला लागला, उजव्या बाजूनं, दार, दार, मडगार्ड, डिकी. सहावा, सातवा. कितीतरी महिन्यांनी आत तो खणखणीत आवाज उठला होता, आणि ढुंढिराजाला घाम फुटला तो श्रमाचा की सुखाचा, त्याला कळेना.

मागच्या डाव्या दाराशी तो आला. हात टेकवला. आठवा आला नाही.

त्यानं सातव्याचं शेवटचं वाक्य पुन्हा म्हटलं, उताराला लागून पुढचं घरंगळत येईल म्हणून. नाही आलं. पुन्हा पहिल्यापासून, बोनेटपासून, न घासता नुसता हात फिरवत दाराशी आला. नाही. मधले ते शिवाला नमस्काराचे दोनच शब्द त्याला आठवत होते, जे काशीतला रिक्षावालाही येताजाता म्हणतो; त्यांच्या अलीकडचं काही नाही, पलीकडचं काही नाही. तो बराच वेळ दारावर तळहात ठेवून उभा राहिला. वडिलांनी ठेवला होता तसाच.

रामघाटावर राहणाऱ्याला आठवा अनुवाक ऐकायला मिळणार नाही, असं थोडंच आहे. उद्या सकाळी कुठल्याही देवळाच्या पायरीवर उभं राहिलं तर तो ऐकू येईल. पण ते ऐकणं कुणाही वाटसरूचं. घरात जाऊन अण्णांना विचारावं, तर ते एका शब्दात सुरू करून देतील, आणि त्यांना कळेल, की माघात आपण त्यांच्या तोंडावर खोटं बोललो. घशानं जे नेलं नव्हतं ते आपणच घालवलं, हेही कळेल. ते पुन्हा गप्प होतील. त्यांच्याजवळ आता दुसऱ्यांदा गप्प होण्याइतकी वर्षंसुद्धा उरली नव्हती.

नववा आला. दहावा आला. टपावर अकरावा संपला. दार तसंच राहिलं, मळकट, मध्ये पंजाचा ठसा उमटलेलं. ढुंढिराजानं अंबिकाला हाक मारून लिक्विडचा कॅन मागितला, स्पंज बुडवला आणि दारावर फिरवला. मिनिटभराचं काम.

अनिमेषबाबू आले, गाडीभोवती एक फेरी मारली, आणि म्हणाले, एकदम बढ़िया. अकराही पत्रे सारखेच दिसत होते. आठ दिवसांनी गाडी कुणाच्या तरी दारात उभी असेल तेव्हा त्या एका दारावर बाकीच्यांपेक्षा जास्त धूळ चढेल. ते पाहायला तिथे ढुंढिराज नसेल, आणि ज्यांच्या दारात ती उभी असेल त्यांना वाटेल, रस्ताच त्या बाजूला आहे.